दादूसच्या पायाखालची डबी

दादूस गिटार जबड्याने ऐकायचे. कार्यक्रम सुरू होण्याआधी स्टेजच्या मागे एका कोपऱ्यात उभे राहून ते बेस गिटारच्या वरच्या लाकडी टोकावर जबडा टेकवायचे, डोळे मिटायचे आणि सगळ्यात जाड तार अंगठ्याने एकदाच, अगदी हळू छेडायचे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस गिटारचा मुका घेतोय. पनवेलच्या एका गणेशोत्सवात मागच्या रांगेतून शिट्ट्या आल्या होत्या. दादूसनी मान वर केली, शिट्टी मारणाऱ्यांना हात जोडून नमस्कार केला आणि पुन्हा जबडा टेकवला. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "बाय, कानाला कोनी पन फसवतो. लाकूड नाय फसवत." मला ते वाक्य फार आवडलं. मी ते चार ठिकाणी स्वतःचं म्हणून खपवलंही.

दादूस म्हणजे आगरी लोकांत मोठा भाऊ. ते कोन नावाच्या गावचे, पण ऑर्केस्ट्रातल्या आम्हा सगळ्यांचेच दादूस होते. त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकाखेरीज कुठे वापरात असेल असं वाटत नाही. तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत ते कॉम्प्रेसर ऑपरेटर होते. तरुणपणी गावोगावच्या हळदींमध्ये बेंजो वाजवला, मग वसंतरावांच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार हाती घेतली. वसंतराव म्हणजे आमचे मालक, मुख्य गायक आणि पेटीवादक. पेटी त्यांच्या वडिलांची. कार्यक्रमाआधी स्टेजवर तिची हळदीकुंकू वाहून पूजा व्हायची, आणि म्हणून आमच्या स्टेजवर कुणाच्याही पायात चप्पल नसायची. ड्रम वाजवणारासुद्धा अनवाणी बसायचा.

मी या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायला आले ती दादूसच्या भरवशावर. नव्वदीतल्या पनवेलमध्ये मुलीने ऑर्केस्ट्रात जायचं म्हटल्यावर आमच्या घरात जे व्हायचं ते झालं. वडील सरकारी नोकरीत, त्यांना 'लोक काय म्हणतील' हा एकच राग येत होता आणि तो ते रोज आळवत होते. एका रविवारी दादूस बायकोला घेऊन आमच्या घरी आले. चहा बशीत ओतून प्याले आणि वडिलांना म्हणाले, "साहेब, टेम्पो आदी तुमच्या दारात थांबंल, मंग बाकीच्यांच्या. ही माजी बायको पन येतेय हर प्रोग्रामला. तुमच्या पोरीला तिच्या बाजूला बसवू." त्यांची बायको, आम्ही तिला वहिनी म्हणायचो, हर प्रोग्रामला खरंच आली. पहिली दोन वर्षं बिचारीने तीच बावीस गाणी ऐकली. माझं आयुष्य ज्यामुळे बरं गेलं त्या गोष्टींची यादी करायची तर मी त्या बशीतल्या चहापासून सुरुवात करीन.

दिवसभर मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. आठ तास कानाला हेडफोन. नुसत्या श्वासावरून बोलणारा ओळखायचे. त्यामुळे माझ्या कानाचा मला जरा जास्तच अभिमान होता, आणि तो मी लपवतही नसे. स्टेजवरच्या झगझगीत दिव्यांनी तारा तापतात, उतरतात. दोन गाण्यांत एकदा तरी गिटारचे कान, म्हणजे तारांच्या खुंट्या, पिळाव्या लागतात. मी माइकसमोर उभी राहून खुशाल टिंग टिंग करत तारा जुळवायची आणि निवेदक तेवढा वेळ जुने विनोद पुरवायचा. दादूसना ते मुळीच खपत नसे. म्हणायचे, "सूर लावनं ही घरातली गोष्ट हाय गो. नवरीला मांडवात उभी करून कोन तिची वेनी घालतं?" त्यांनी स्वतः लोकांना ऐकू जाईल असं कधीच काही जुळवलं नाही. आवाजाचं बटण शून्यावर, जबडा लाकडावर, एक श्वास, झालं.

पण ते 'झालं' हळूहळू होईनासं झालं. ड्रम वाजत असला की स्टेजच्या फळ्या हादरतात, आणि जबड्याला गिटारऐवजी ड्रमच ऐकू येतो. एका कार्यक्रमात तर अख्खं गाणं बेस खाली उतरलेला होता. गाणं संपल्यावर वसंतराव स्टेजमागे आले ते थेट माझ्यावर. त्यांना वाटलं, गिटार चुकली. मी तोंड उघडायच्या आत दादूस मध्ये आले. "चूक माजी हाय. बायची नाय." वसंतराव त्यांना म्हणाले, "दादूस, पुन्हा असं झालं तर मला कळंबोलीच्या मुलाला बोलवावं लागेल." कळंबोलीत एक तरतरीत मुलगा होता, बेस वाजवायचा, वसंतरावांना दोनदा भेटूनही गेला होता. दादूसनी मान हलवली आणि वायर गुंडाळायला लागले. दोनदा गुंडाळून झालेली वायर त्यांनी तिसऱ्यांदा सोडून गुंडाळली.

पुढच्या आठवड्यात ते म्हणाले, "बाय, मुंबईच्या पार्टीतल्या एका बेसवाल्याकडं मी डबी बघितली. पायाखाली असते. दाबली की आवाज बंद, आनि तार लागली की हिरवा दिवा. आपन एक घेऊ." ट्यूनरबद्दल मी ऐकून होते. नाक मुरडून म्हटलं, "शी. ते बहिऱ्यांसाठी असतं."

दादूस हसले. म्हणाले, "मंग माज्यासाठीच हाय."

मग त्यांनी सांगितलं. कॉम्प्रेसरच्या खोलीत अठरा वर्षं झाली होती. डावा कान केव्हाच गेला होता, उजवा जात होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हा थांबणार नाही. म्हणूनच ते स्टेजवर नेहमी मला उजवीकडे उभी करत, म्हणूनच बोलताना तोंडाकडे बघत. मला वाटायचं, काय नम्र माणूस आहे. "कंपनीत कोनाला सांगितलं नाय, वसंतरावांना नाय. वहिनीला म्हाईत हाय. आनि आता तुला." मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. मी माफी मागायला लागले तर ते म्हणाले, "ते रडनं ठेव. मुंबईला कंदी जायचं ते सांग. माजं काय, कंपनीत कान लागत नाय, हात लागतात. पन हितून काढला ना, तर मी घरी बसून काय ऐकू?"

आम्ही दोघं एसटीने मुंबईला गेलो. वाद्यांच्या दुकानातल्या माणसाने काउंटरवर तीन ट्यूनर मांडले आणि तो प्रत्येकाचे गुण सांगायला लागला. दादूसनी काहीच ऐकलं नाही, म्हणजे तसंही फार ऐकू येत नव्हतं. त्यांनी पहिला ट्यूनर उचलला, दुकानाच्या फरशीवर ठेवला, बेस गळ्यात अडकवली आणि ताठ उभे राहिले. त्या ट्यूनरला घड्याळासारखा बारीक काटा होता. "हा वाचायला मला स्टेजवर पालथं पडावं लागंल," म्हणाले. पहिला बाद.

दुसऱ्याचे दिवे सुंदर होते. दादूस तो घेऊन सरळ फुटपाथवर, भर उन्हात. दुकानदार मागोमाग पळाला, त्याला वाटलं चाललाच घेऊन. उन्हात त्यातला एकही दिवा दिसेना. "आमचे सत्यनारायनाचे प्रोग्राम दुपारचे असतात," दादूसनी त्याला समजावलं. तळोज्यात प्रत्येक कंपनीत वर्षाकाठी सत्यनारायणाची पूजा आणि पूजेनंतर ऑर्केस्ट्रा, हे त्या मुंबईकराला कुठून माहीत असणार. दुसराही बाद.

तिसरा जाड, वजनदार, आणि वर रुंद रबरी पट्टी. दादूसनी चप्पल काढली आणि त्यावर पाय ठेवला. "काका, चप्पल काढून कोण वाजवतं?" दुकानदार म्हणाला. "आमी वाजवतो." मग त्यांनी सगळ्यात जाड तार जोरात छेडली, तर दिवे पिसाळल्यासारखे इकडून तिकडे नाचायला लागले. दुकानदाराचा चेहरा पडला. दादूसनी आवाजाचं बटण कमी केलं, तार मधोमध हलकेच बोटाने स्पर्शून पुन्हा छेडली, आणि दिवा शहाण्यासारखा एका जागी थांबला. "जाड तारेला वरडून नाय विचारायचं," ते मला म्हणाले. मी आजही शिकवताना हे सांगते, आता मात्र त्यांचं नाव घेऊन.

निघताना दुकानदार म्हणाला, "मागे दोन छोटी बटणं आहेत, त्यांना हात लावू नका, नाहीतर सगळं हलेल." दादूसनी घरी पोचायच्या आत, पनवेलच्या स्टँडवरच, एका दुकानातून चिकटपट्टी घेतली आणि त्या बटणांवर दोन वेढे मारून टाकले. चुकूनसुद्धा कुणाचा हात लागायला नको.

दुसऱ्याच दिवशी कार्यक्रम होता, आणि तोही दादूसच्या स्वतःच्या कंपनीत, सत्यनारायणाचा. मांडवात त्यांच्या खात्यातली सगळी मंडळी पुढच्या रांगांत. आम्ही दोघांनी स्टेजच्या बाजूला उभं राहून एकाच डबीवर आपापल्या तारा लावल्या. सगळे दिवे हिरवेगार. इतर वेळी आम्ही सगळे वसंतरावांच्या पेटीवर सूर लावायचो. पेटीची पूजा झाली की ते पांढरी सहा, म्हणजे सहावी पांढरी पट्टी, दाबून धरायचे आणि एकेकाने येऊन तार जुळवायची, असा रिवाज होता. त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही पेटीला काही विचारलंच नाही. दादूस इतके खुशीत होते की वसंतरावांना म्हणाले, "आमचं लागलंय, तुमी करा सुरू."

वसंतरावांनी वंदनेचे सूर धरले, आम्ही दोघं आत शिरलो आणि सूर एकमेकांशी भांडायला लागले. वसंतरावांच्या वडिलांची ती पेटी चिमूटभर चढी होती. नेहमी आम्हीही तिच्याबरोबर चिमूटभर चढे असायचो, म्हणून कुणाला कधी खटकलं नव्हतं. डबीने आम्हाला जगाच्या सुरात आणून ठेवलं होतं आणि पेटी तिच्या माहेरच्या सुरात होती. वसंतरावांच्या कपाळावर आठ्या आल्या. मी तारा ताणून ताणून, बोटं सोलवटून कसंबसं वर नेलं. पण बेस तसा सरळ खाली चालला होता, आणि दादूस आनंदात वाजवत होते, कारण त्यांना ते ऐकूच येत नव्हतं.

मी त्यांच्याकडे बघून मान हलवली. ते थबकले. पायाने डबी दाबली, आवाज बंद झाला, दिवे लागले. त्यांनी तार छेडली. दिवा हिरवा. त्यांनी पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा नाही म्हणून मान हलवली. एवढ्या शोधाशोधीने आणलेलं ते यंत्र पायाशी 'बरोबर, बरोबर' म्हणत होतं, आणि समोर एक दीडशहाणी मुलगी नाही म्हणत होती. दादूसनी माझं ऐकलं. त्यांनी आवाज तसाच बंद ठेवला आणि उरलेलं सगळं गाणं नुसती बोटं फिरवत उभे राहिले. एक सूर बाहेर गेला नाही. त्यांच्या खात्यातले लोक "वा दादूस, वा" म्हणून टाळ्या देत होते. न वाजवलेल्या सुरांसाठी त्या टाळ्या घेताना त्यांचा चेहरा कसा झाला होता, ते मला अजून दिसतं.

गाण्यानंतर मॅनेजरसाहेबांचं भाषण होतं. स्टेजमागे वसंतराव आवाज न चढवता म्हणाले, "पुढच्या कार्यक्रमाला कळंबोलीचा मुलगा येईल, दादूस." मी इकडे तिकडे बघत होते, रडू आवरायला कुठेतरी बघावं लागतं म्हणून, आणि माझी नजर भाषणासाठी बाजूला सरकवलेल्या आमच्या कीबोर्डच्या मागच्या बाजूवर गेली. तिथे एका बारीक बटणावर जुनाट चिकटपट्टी होती. कीबोर्ड आणला तेव्हाच तो पेटीला जुळवून, पुन्हा कुणी हलवू नये म्हणून वसंतरावांनीच ती लावली होती. डबीच्या मागेही बटणं होती, आणि त्यांच्यावर आमची नवी कोरी पट्टी.

"वसंतराव," मी म्हटलं, "डबीला आपली पेटी माहीत नाही. ओळख करून द्यायला पाच मिनिटं द्या."

वसंतरावांनी पेटी स्टेजमागे ओढून घेतली. मग खाली बसले आणि त्यांनी पांढरी सहा दाबून धरली, एवढंच. मी माझी पाचवी तार कानाने पेटीला जुळवली, अगदी जिवाच्या कराराने. मग वायर डबीत घातली. आता तीच तार डबीच्या मते चढी होती, दिवा लाल. मी दातांनी चिकटपट्टी तोडली आणि मागचं बटण एकेकदा दाबत गेले. लाल, लाल, आणि मग मधला हिरवा. दादूस माझ्या बोटांकडे बघत होते. त्यांना काय झालं ते सांगावं लागलं नाही. ते एकदम म्हणाले, "म्हंजे तुजा कान ह्याच्यात भरला."

त्यांनी आपल्या चारही तारा लावल्या. मॅनेजरसाहेब सुरक्षा सप्ताहावर बोलत होते, देव त्यांचं भलं करो. दुसऱ्या गाण्यात बेस पेटीशी असा जुळला की वसंतरावांच्या कपाळावरची आठी गेली. कार्यक्रम संपल्यावर ते डबीकडे बोट दाखवून म्हणाले, "चला, यंत्रालाही घराणं कळलं." आणि मग दादूसनी त्यांना स्वतःहून सांगितलं, चपला शोधता शोधता, पाऊस आला असं सांगावं तसं. "माजे कान गेलेत, वसंतराव. डबी हाय. बाय हाय. चालंल काय?" वसंतरावांनी पेटीचा भाता बंद केला. मग म्हणाले, "चालेल. पण आधी पेटीला विचारत जा." कळंबोलीच्या मुलाचं नाव त्यानंतर निघालं नाही.

पेटीचे सूरही हवेप्रमाणे किंचित हलतात, म्हणून त्यानंतर दर कार्यक्रमाआधी आमचा नेम ठरला. दादूस डबी माझ्यापुढे ठेवायचे आणि विचारायचे, "आज पेटी काय बोलते?" मी जुळवून द्यायची, ते चिकटपट्टी लावायचे. या नेमावर ते आणखी पाच वर्षं वाजवत राहिले. माझ्या लग्नाचं ठरलं तेव्हा सासरच्यांना, मी वाजवणं सोडणार नाही हे सांगायलाही तेच आले होते, वहिनीला घेऊन, आणि चहा तसाच बशीत.

मग एके दिवशी ते आपणहून थांबले. उजवा कान पुरता गेला होता. "दिवा बघून सूर लागतो गो, पन ताल माज्या पायाला उशिरा पोचतो," म्हणाले. डबी त्यांनी माझ्या हातात दिली. मी नको म्हटलं. "तुजाच कान हाय त्यात," म्हणाले. कळंबोलीच्या मुलाला त्यांनीच निरोप धाडला आणि त्याला पेटीची पूजा कशी करतात तेही शिकवलं.

ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. ते असताना मी शेवटची कोनला गेले तेव्हा वहिनी दारातच म्हणाली, "बोलत नाय कोनाशी. टीवी पन नको बोलतात." मी गिटार नेली होती आणि डबीही. दादूस पलंगावर भिंतीला टेकून बसले होते, पाय खाली लादीवर सोडलेले. मला बघून हसले. मी समोर खुर्चीवर बसले, गिटार डबीला जोडली, छोटा स्पीकर लावला. बोलून ऐकू जाणार नव्हतं. म्हणून मी सरळ पहिली तार लावायला घेतली. स्पीकर चालूच राहिला होता. टिंग टिंग आवाज घरभर जायला लागला.

दादूसना तो ऐकू आला नसणार. पण माझा हात गिटारच्या कानाकडे गेलेला त्यांनी बघितला. त्यांचा उजवा पाय लादीवर थोडा पुढे सरकला आणि त्यांनी अंगठ्याने लादी दाबली. डबीवर पाय ठेवावा तशी, ठाम. आवाज बंद केला त्यांनी, घरातल्या घरात.

मी माझा पाय डबीवर ठेवला आणि दाबला. खोली शांत झाली. मी एकेक तार लावत गेले आणि ते दिव्याकडे बघत राहिले. सहावी तार हिरवी झाली तेव्हा त्यांनी पुन्हा लादी दाबली. मीही डबी दाबून आवाज परत आणला, खुर्ची पुढे ओढली, गिटारचं लाकूड त्यांच्या जबड्याला लागेल इतक्या जवळ बसले आणि वाजवायला लागले.